पारणं नसलेला उपास

आमच्या बेळगुंदीत पावसाचा जोर ओसरला की शेतातून रताळी निघायला लागतात. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या लाल मातीला हे पीक मानवतं. नवरात्र जवळ आलं की पोती भरून बेळगावच्या मार्केट यार्डात जातात आणि तिथून ट्रकनं लांबच्या शहरांत. म्हणजे इतरांच्या उपासाची सोय करणारं आमचं गाव. घरातही उपास ही काही मोठी गोष्ट नाही. आजीचे सोमवार, एकादशी, संकष्टी. काकीचे नवरात्राचे नऊ दिवस. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी माझी चुलत बहीण म्हणाली, "मीपण नऊ दिवस धरणार," तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. आजीला तर कौतुकच वाटलं. बारावीचं वर्ष, पोरगी देवाचं करते, चांगलंच आहे.

दसरा झाला. घरातल्या सगळ्यांनी पारणं केलं. तिनं केलं नाही. "आता सवय झाली, भात नको," एवढंच म्हणाली. दिवाळीला मी हॉस्टेलवरून घरी गेले, तेव्हा तिला बघून मी म्हणाले, "काय गं, केवढी बारीक झालीस! मस्त दिसतेस. मला पण सांग की कसं केलंस ते." ती हसली. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. त्या सत्रात आम्हाला मानसिक आजारांचा पेपर होता आणि खाण्याच्या विकारांवरचं प्रकरण मी परीक्षेपुरतं पाठही केलं होतं. पण समोर बसलेल्या बहिणीत ते मला दिसलं नाही.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या दिवशी ती कॉलेजात चक्कर येऊन पडली. तोवर तिची पाळी थांबलेली होती, केस मुठीनं गळत होते, भर दुपारी ती दोन स्वेटर घालून बसायची. सगळ्यांना भाकऱ्या ती थापायची, भावाच्या ताटात आग्रहानं वाढायची आणि स्वतः "कॉलेजात खाल्लं" म्हणून उठायची. मधल्या काळात एका दवाखान्यात तिला पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी टॉनिक, आणि शेजारणीच्या सांगण्यावरून अंगारा. चार महिने असेच गेले. शेवटी एका डॉक्टरबाईंनी तिची नाडी बघितली, बराच वेळ हात सोडला नाही, आणि विचारलं, "शेवटचं पोटभर कधी जेवलीस?" तिला आठवेना. त्या दिवशी घरात पहिल्यांदा 'खाण्याचा विकार' हा शब्द आला.

हा लेख तिनं वाचला आहे. "नाव घालू नको, बाकी लिही," असं तिनं सांगितलं, म्हणून लिहिते आहे. एक गोष्ट मी मुद्दाम टाळली आहे: वजनाचे आणि कॅलरीचे आकडे. या आजारातल्या माणसाला असे आकडे स्पर्धेसारखे वाटतात.

नावं आणि प्रकार

'अॅनोरेक्सिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणं. १८७३ च्या सुमारास लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांचं. पण नाव फसवं आहे. आपल्याकडे तापात 'अन्नावरची वासना उडते', 'तोंडाला चव नसते'. तसं हे नाही. इथे भूक बहुतेक वेळा असते, माणूस तिच्याशी झगडत असतो. खाणं कमी करत जाणं, वजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरणं, तरीही वजन वाढण्याची भीती, आणि आपण आजारी आहोत हेच न पटणं, ही याची ओळख. मानसिक आजारांमध्ये सर्वांत जास्त जीव घेणाऱ्या आजारांत हा मोडतो. भुकेनं हृदय मंदावतं, हाडं ठिसूळ होतात, आणि काही रुग्ण निराशेनं स्वतःचा जीव घेतात.

दुसरा प्रकार 'बुलिमिया नर्व्होसा'. हाही ग्रीक शब्द. बैल आणि भूक हे दोन शब्द जोडून झालेला. शेतकऱ्याच्या घरात त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. १९७९ मध्ये लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला. यात थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं, हात थांबत नाही, आणि मग त्या खाण्याची भरपाई म्हणून उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, कडक उपास किंवा अति व्यायाम सुरू होतो. वजन बहुधा नेहमीसारखंच असतं, म्हणून हा आजार वर्षानुवर्षं घरातही कळत नाही. सतत उलट्यांमुळे दातांवरचं कवच झिजतं, गाल कानाखाली सुजतात, आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तिसरा प्रकार अनावर खाण्याचा, ज्याला 'बिंज इटिंग' म्हणतात. यात भरपाई नसते, फक्त खाणं आणि नंतरची लाज. चौथ्यात वजनाची भीती नसतेच. घास अडकेल, उलटी होईल या भीतीनं किंवा एखाद्या पदार्थाचा वास आणि स्पर्श सहन होत नाही म्हणून माणूस इतकं कमी खातो की शरीर खंगतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीत या दोघांना स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली.

आता आपले शब्द बघा. काडीपैलवान, हाडाडी, खादाड, बकासुर, सुटलीस, भरलीस, वाळलीस. अंगावरून आणि खाण्यावरून माणसाला चिडवायला मराठीत शब्दांची कमी नाही. पण या दुखण्याला नाव नव्हतं, म्हणून आमच्या घरात ते कधी 'नखरे' झालं, कधी 'हट्ट', कधी 'भक्ती'.

उपास कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता, कारण आमच्याकडे आजार उपासाच्या दारातूनच आत आला.

एकादशीला द्वादशीचं पारणं आहे. नवरात्राला दसरा आहे. आपल्या कॉलेजातल्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींच्या उपवासकाळाला ईस्टर आहे, रमजानला ईद आहे. बहुतेक धर्मांनी उपास सांगताना तो सोडायचा दिवसही सांगितला आहे, आणि तो दिवस सगळ्यांनी मिळून जेवायचा आहे. आजारी, गरोदर, लहान यांना बहुतेक ठिकाणी सूट आहे. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला ५८ वा अध्याय खऱ्या उपवासाबद्दल आहे. आपली भाकरी भुकेल्याबरोबर वाटून घ्यावी, असा त्याचा रोख आहे. म्हणजे उपास माणसाला दुसऱ्या माणसाच्या जवळ नेतो. आणि आपल्या घरांत तर 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून हसण्याचीही सोय आहे.

आजारातल्या उपासाला पारणं नसतं. तो एकट्याचा असतो, लपवाछपवीचा असतो, आणि मोडला तर आनंद होण्याऐवजी भीती वाटते. माझी बहीण नंतर म्हणाली, "अक्का, दसऱ्याला सोडायचं ठरवलं होतं गं. घास हातात घेतला आणि हात कापायला लागला."

ही सरमिसळ नवी नाही. इटलीतली संत कॅथरीन ऑफ सिएना लहानपणापासून कडक उपास करत होती. तिच्या भोवतीच्या धर्मगुरूंनी तिला खायला सांगितलं, तरी तिला खाता येत नव्हतं. १३८० साली ३३ व्या वर्षी ती वारली. तिला आजच्या नावाचा आजार होता का, यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि तिचं संतपण त्यावर अवलंबून नाही. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की तिच्याच धर्मातल्या लोकांना त्या वेळीही 'हे थांबायला हवं' असं वाटलं होतं. देवाचं नाव घेऊन सुरू झालेला उपास थांबवायला सांगणं हा देवाचा अपमान नाही, हे आमच्या आजीला पटवताना मला या गोष्टीचा उपयोग झाला.

कारणं: एकच गुन्हेगार सापडत नाही

आजार कळल्यावर घरात पहिलं काय झालं असेल, तर दोष कोणाचा याची चर्चा. काकी स्वतःला दोष देत होती, काका मोबाईलला, आजी नजर लागण्याला, आणि मी मनातल्या मनात स्वतःला. एक जुना समज असा होता की आईच्या वागण्यामुळे मुलीला हा आजार होतो. आजचे तज्ज्ञ तो समज मानत नाहीत. काही गोष्टी एकत्र आल्या की आजार उभा राहतो.

पहिली गोष्ट रक्तातली. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसलं आहे. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांची तपासणी करून झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अॅनोरेक्सियाशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि त्यांचा संबंध मनाइतकाच शरीराच्या चयापचयाशीही दिसला. म्हणजे एकाच वर्गातल्या दहा मुली डाएट करतात, नऊ जणी आठ दिवसांत कंटाळून वडापाव खातात, आणि एकीचं शरीर त्या भुकेला वेगळा प्रतिसाद देतं.

दुसरी गोष्ट स्वभावाची. सगळं नीटनेटकं, अचूक, पहिल्या नंबरचं हवं असणारी, चूक झाली की रात्रभर जागणारी मुलं. घरात त्यांना 'गुणी' म्हणतात. आमची बहीण तशीच. तिसरी गोष्ट वयाची. शरीर बदलत असतं, त्याच वेळी दहावी-बारावी, घर सोडणं, पहिलं हॉस्टेल. काहींच्या बाबतीत छळ, अत्याचार किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू हेही मागे असतं.

चौथी गोष्ट भोवतालची. फिजी बेटांवर भरल्या अंगाच्या बाईचं कौतुक होतं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधिकेनं त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. पहिल्या वेळी वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनंतर हे प्रमाण ११.३ टक्के झालं होतं. तो तर फक्त टीव्ही होता. आपल्या हातात दिवसभर रील्स असतात.

आणि आपलं स्वतःचं आहेच. मुलगी 'बघायला' येणं. लग्नात भेटलेल्या मावशीचं पहिलं वाक्य तब्येतीवर. मुलग्यांचं तर कोणी विचारतच नाही. आमचा बेळगाव-कोल्हापूर पट्टा तालमींचा. गटात बसायला कुस्तीच्या आधी पाणीसुद्धा तोडणारी पोरं आम्ही लहानपणापासून बघतो. आता जिममध्ये दंड कितीही फुगले तरी 'मी बारीकच' वाटणारी मुलंही आहेत. हा आजार मुलींचाच, असं समजल्यामुळे मुलगे उपचारापर्यंत उशिरा पोचतात.

भुकेनं मनही बदलतं

"मनावर घेतलं की खाईल," हे वाक्य आमच्या घरात शंभर वेळा म्हटलं गेलं. ते का चुकीचं, हे मला एका जुन्या प्रयोगानं समजलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, नोव्हेंबर १९४४ पासून, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा अभ्यास केला. हे तरुण धर्मश्रद्धेमुळे किंवा तत्त्वामुळे शस्त्र हातात घ्यायला नकार दिलेले होते. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून ते स्वतःहून तयार झाले. चोवीस आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास जेवण मिळालं. त्यांच्यापैकी कोणाला बारीक व्हायचं नव्हतं, कोणी आरसा बघत नव्हतं. तरीही ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, जेवण रेंगाळत खाऊ लागले, ताटं चाटू लागले. मित्रांना टाळू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, सतत थंडी वाजू लागली. एकानं कुऱ्हाडीनं स्वतःची बोटं तोडली. पुन्हा जेवण मिळू लागल्यावर काहींचं खाणं थांबेना.

हे वाचताना मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. दोन स्वेटर, भावाच्या ताटातला आग्रह, रात्री मोबाईलवर केकच्या रेसिपी बघणं. आम्ही ज्याला तिचा 'स्वभाव बदलला' म्हणत होतो, त्यातलं बरंचसं उपाशी मेंदूचं काम होतं. कमी खाल्लं की मेंदू हट्टी आणि भित्रा होतो, आणि भित्रा मेंदू आणखी कमी खायला सांगतो. हे चक्र उपदेशानं तुटत नाही. म्हणूनच उपचारात आधी जेवण येतं, समजावणं नंतर.

आपल्याकडे तो वेगळा दिसतो

हा श्रीमंतांचा, गोऱ्यांचा, शहरातल्यांचा आजार आहे, असं खूप दिवस मानलं गेलं. १९९५ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉक्टरांनी पाच तरुण मुलींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांनी खाणं सोडलं होतं, उलट्या होत होत्या, वजन खूप उतरलं होतं, पाळी बंद होती. पण 'मी जाडी आहे' अशी पुस्तकातली तक्रार त्यांची नव्हती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मुलांच्या मानसोपचार विभागातल्या नोंदी तपासून २००७ मध्ये लेख आला. त्यात खाण्याच्या विकारांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण मानसिक कारणानं होणाऱ्या उलट्यांचं होतं. आणि बंगळूरमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पाहणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे दोन-तृतीयांश डॉक्टरांनी असा निदान एक तरी रुग्ण पाहिल्याचं सांगितलं.

म्हणजे आजार आहे, पण तो वेगळी भाषा बोलतो. "पोट फुगतं", "घशाखाली उतरत नाही", "पचत नाही", "उपास आहे". माझी बहीण पहिले चार महिने एकदाही 'वजन' हा शब्द बोलली नाही. पोटाची तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला पोटाचं औषध मिळतं, यात नवल नाही. पोटाचे आजार, थायरॉईड, क्षय, मधुमेह यांची तपासणी व्हायलाच हवी; पण सगळे रिपोर्ट ठीक आल्यावर 'काही नाही झालं' म्हणून घरी पाठवणं हे उत्तर नाही.

उपचार कसे असतात

पहिला टप्पा शरीराचा. नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख, रक्तातले क्षार. ठोके फार मंदावले असतील, चक्कर येत असेल, क्षार बिघडले असतील, तर दवाखान्यात भरती व्हावं लागतं. इथे घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: खूप दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. अचानक आलेल्या अन्नामुळे रक्तातलं फॉस्फेट आणि इतर क्षार झपाट्यानं खाली जातात. म्हणून जेवण किती आणि कसं वाढवायचं हे डॉक्टर ठरवतात.

दुसरा टप्पा जेवणाचा. वयात येणाऱ्या मुलांसाठी सगळ्यात चांगले पुरावे असलेली पद्धत कुटुंबाला बरोबर घेऊन चालते. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये ती घडली. जेराल्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पहिला महत्त्वाचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. यात आईवडिलांना दोष न देता त्यांच्या हातात काम दिलं जातं. आधी काय आणि किती खायचं हे घरचे ठरवतात आणि शेजारी बसून जेवू घालतात. वजन सावरलं की हळूहळू निर्णय मुलीकडे परत जातो. शेवटी अभ्यास, मैत्री, घराबाहेर पडणं यावर बोललं जातं.

आमच्याकडे हे असं झालं: सकाळी, दुपारी, संध्याकाळी काकी तिच्या शेजारी बसायची. मसुरीची आमटी, भात, भाकरी, दूध. कधी एका ताटाला दीड तास. रडणं, ताट ढकलणं, शिव्या. काकीला डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं: "तुम्ही मुलीशी भांडत नाही, आजाराशी भांडताय. आवाज चढवायचा नाही आणि उठायचंही नाही." सातवी शिकलेल्या माझ्या काकीनं जे केलं, ते मला माझ्या पाठ्यपुस्तकातून नीट कळलं नव्हतं.

मोठ्या वयात, आणि विशेषतः बुलिमिया आणि अनावर खाण्यात, विचार आणि वागणूक बदलण्याची संभाषण-उपचारपद्धती वापरतात. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ती खाण्याच्या विकारांसाठी बांधली. मराठी वाचकाला कि. मो. फडके यांच्या पुस्तकांमुळे अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार परिचयाचा आहे. ही पद्धत त्याच कुळातली. रोज ठरलेल्या वेळी जेवायचं, खाल्लेलं आणि त्या वेळी मनात आलेलं लिहून ठेवायचं, 'वजन वाढलं म्हणजे मी नालायक' यासारख्या विचाराला पुरावा मागायचा. साधारण वीस बैठका लागतात. वजन फार कमी असेल तर जास्त.

औषधांबद्दल सरळ सांगायचं तर अॅनोरेक्सिया बरा करणारी गोळी अजून नाही. बुलिमियात फ्लुऑक्सेटिनचा उपयोग होतो. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्याचे उपचार करतात. हे सगळं डॉक्टरांच्याच सल्ल्यानं. बरं व्हायला महिने लागतात, कधी वर्षं. मध्ये घसरण होते. पण पुष्कळ जण पूर्ण बरे होतात, आणि लवकर सुरुवात केली तर शक्यता वाढते.

कुठे जायचं, कोणत्या भाषेत बोलायचं

सीमाभागातल्या माणसाला आणखी एक अडचण असते. पोट दुखतं हे कोणत्याही भाषेत सांगता येतं. पण "मला माझीच लाज वाटते" हे आईच्या भाषेतच येतं. कडोली, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी अशी गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरवणारी आम्ही माणसं. पण दवाखान्यात मनाबद्दल विचारलं की आम्हाला मराठीतही दोन वाक्यं जुळवता येत नाहीत. पहिल्या बैठकीत बहीण काहीच बोलली नाही. दुसऱ्या वेळी तिनं सगळं वहीत लिहून नेलं आणि डॉक्टरांसमोर वही ठेवली. तसंही चालतं.

बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, सुमारे ८० किलोमीटरवर धारवाडची मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे 'डिमहान्स', आणि पुढे बंगळूरचं 'निमहान्स'. यापैकी काहीच जमत नसेल तर टेली-मानस ही सरकारी फोनसेवा आहे: क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत व कन्नडमध्येही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार सरकारी व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी इतर आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा द्यायचा आहे.

मैत्रीण, रूममेट किंवा भाऊ यांच्याबद्दल शंका आली तर काय करायचं? बाकीचे नसताना, जेवणाची वेळ सोडून बोला. वजनाबद्दल बोलू नका. जे दिसतं ते बोला. "तू हल्ली मेसला येत नाहीस, सारखी थंडी वाजते म्हणतेस, मला काळजी वाटते." ती चिडेल, नाकारेल. तरी पुन्हा विचारा. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. पहिल्या भेटीला सोबत जा. आणि चक्कर, छातीत धडधड, सतत उलट्या किंवा मरणाच्या गोष्टी असतील तर त्याच दिवशी दवाखाना.

बहीण आता बी.एस्सी. करते. दोन वर्षांत एकदा घसरण झाली, पुन्हा सावरली. डॉक्टरांनी तिला उपास करायला मनाई केली आहे. गेल्या नवरात्रात घटस्थापनेच्या दिवशी ती देवघरापाशी घुटमळत होती. आजीनं तिला हाक मारली आणि म्हणाली, "तुझा बी उपास मीच धरतो. तू जेव जा."

ती जेवायला बसली. मीही तिच्या शेजारी बसले. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी तिला "कसं केलंस?" असं विचारलं होतं. त्याऐवजी "कशी आहेस?" एवढं विचारलं असतं, तर कदाचित चार महिने वाचले असते. तुमच्यासमोर असं कोणी बसलेलं असेल, तर हा दुसरा प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.